डांबर फासलेला उंबरठा

काल गल्लीत रस्त्याला डांबर टाकलं. तो वास नाकात शिरला आणि माझं डोकं इतक्या वर्षांनी पुन्हा तापलं.

सन चौतीस-पस्तीसची गोष्ट. पंचवटीत आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. उंबरठ्याला वाळवी लागली, तर घरमालक अण्णांनी आम्हाला न विचारता त्यावर गरम डांबर फासलं. बायको रोज सकाळी तिथं हळदीकुंकू वाहायची, ते आता काळ्या चिकट्यात दिसेनासं झालं. लुगड्याचा काठ खराब झाला तो वेगळाच.

"अण्णा, ही काय दुरुस्ती झाली? खरवडून काढा, नाहीतर खोली सोडतो."

"खुशाल सोडा की! लाकूड माझं आहे."

मी गाठोडं बांधायला घेतलं. बायकोला सातवा महिना होता. ती उठून उंबरठ्याशी गेली. रांगोळी घेऊन बसली आणि त्या काळ्यावर पांढरी वेल काढली. मऊ डांबरात ती पक्की बसली.

अण्णा म्हणाले, "बघा, कशी शोभा आणली मी!"

"आणलीत खरी," म्हणत ती हसली.

मला तिचाच राग आला. त्या दिवसांत तिला डोक्यावर छप्पर हवं होतं, हे आता कळतं. पण वेल तिची होती, अण्णांची नव्हती. एवढं तरी तिनं त्यांना सुनावायला हवं होतं.