पाणी कुठपर्यंत

माझी शाळा चौथीपर्यंत. कुणी विचारलं की मी हे लगेच सांगून टाकते, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. चौथीपर्यंतची शाळा गावात होती, पाचवीसाठी नदी ओलांडावी लागे. वडील म्हणाले, पुरे. मी काही रडले नाही. गणित मला तेव्हाही आवडत नव्हतं.

त्याच गणितानं म्हातारपणी माझं भलं केलं, म्हणून हे लिहिते आहे.

होळीच्या आसपास मला दवाखान्यात ठेवलं होतं. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. घरी सोडताना त्यांनी सुनेला सांगितलं, मीठ कमी, गोळ्या वेळेवर, पाणी दीड लिटरपर्यंत. बाहेर माणसं खोळंबली होती, त्यामुळे सगळं भराभर झालं. मीही शेजारीच बसले होते. दोघींनी माना डोलावल्या.

सून पतसंस्थेत नोकरी करते. माहेर कळवणकडचं, शेतातलं. सांगितलेलं काम अर्धवट टाकायची तिला सवयच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दीड लिटरची बाटली आणून माझ्या उशाशी ठेवली. संध्याकाळपर्यंत ती रिकामी व्हायलाच हवी. चहा, ताक, वरणाचं पाणी वेगळं, ते कुणी धरत नव्हतं. मला एवढं पाणी जात नसे. मी तोंड फिरवलं की ती म्हणायची, "आई, पाव बाटली राहिलीय. दीडपर्यंत गेलं पाहिजे." मुलगा पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, पी ना, पाणीच तर आहे.

काही दिवसांनी पाय सुजले. चपलेचा पट्टा रुतायला लागला. आडवं झालं की दम लागे, मग मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागले. सून म्हणाली, उन्हाचं होतंय, आणि पाण्याची आणखी काळजी घेऊ लागली. पुढची तपासणी अजून लांब होती. म्हाताऱ्या बायका लिहितात, मरणाची भीती नाही म्हणून. मला होती.

नात आठवीत. एका रविवारी ती वही घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. तिच्या बाईंनी गृहपाठ दिला होता, घरात बोलतात ती वाक्यं घ्या आणि गणिताच्या चिन्हात लिहा. धड्याचं नाव असमानता. मी म्हटलं, त्यासाठी शाळेत कशाला जायचं, सासरी गेलं की शिकवतात. तिची आई समोर मेथी निवडत होती. ती खाली मान घालून हसली.

नातीनं मला चिन्ह दाखवलं. उघड्या चोचीसारखं, आणि चोच नेहमी मोठ्याकडे उघडते. खाली आडवी रेघ असली तर तेवढंही चालतं. मग मी वाक्यं देऊ लागले. दोन भाकरी तरी खा. ती म्हणाली, दोन किंवा जास्त. मीठ फार तर अर्धा चमचा. अर्धा किंवा कमी. कुकरच्या तीनच शिट्ट्या. ही असमानता नाही, म्हणाली, हे बरोबरचं चिन्ह. दिवेलागणीच्या आत घरी ये. यावर ती अडली. दिवा लावताना कुणी उंबऱ्यात आलं तर चालतं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, चालतं, पण बोलणी बसतात. बोलणी चिन्हात लिहिता येत नाहीत, म्हणाली.

तेवढ्यात तिची नजर बाटलीकडे गेली. तिनं लिहिलं, पाणी दीड लिटरपर्यंत. आणि आईला विचारलं, पर्यंत म्हणजे तेवढं तरी ना? सून म्हणाली, हो, तेवढं झालंच पाहिजे. मीही सुनेचीच बाजू घेतली. गंगेला पूर आला की आपण म्हणतो, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी आलं. म्हणजे छाती भिजलीच की, खाली थोडंच राहिलं?

नातीनं चिन्ह काढलं. मग पेन्सिल चावत बसली.

"आजी, तू चौथीपर्यंत शिकलीस ना? मग चौथी तरी, असंच ना? पाचवी, सहावीपण असेल?"

"नाही गं. चौथी झाली आणि संपलं. पाचवीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही."

"मग इथं चोच उलटी."

तिनं खोडरबरनं चिन्ह खोडून उलटं काढलं. तिच्या दृष्टीनं गृहपाठ सुधारला, दुसरं काही नाही. पण सुनेचा हात मेथीत थांबला. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. जुडी तशीच टाकून उठली आणि दवाखान्यात फोन लावला. मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. म्हणजे त्याच्या वर नको? चहा, ताक धरून? पाय सुजलेत हो त्यांचे. दमही लागतो. मग फोन ठेवून म्हणाली, लगेच बोलावलंय.

त्याच दुपारी रिक्षानं गेलो. डॉक्टरांनी अंगातलं पाणी उतरायच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, बरं झालं आणलंत. निघताना पाण्याचं सांगू लागले, तर सुनेनं त्यांना थांबवलं. "डॉक्टर, तरी की फार तर, तेवढं सांगा." त्यांना आधी समजलंच नाही. मग म्हणाले, फार तर.

परतताना पुलावर आल्यावर सून म्हणाली, "आई, मी तुम्हाला कोरड्या घरात बुडवत होते."

मी म्हटलं, "दुर्लक्षानं म्हाताऱ्या मरतात, तशा पुष्कळ पाहिल्या. काळजीनं मरणारी मी पहिलीच झाले असते. लोकांत नाव झालं असतं तुझं."

ती हसली आणि मग रडू लागली. मी रस्त्याकडे पाहत बसले. आभार मानणं मला जमत नाही, कुणी शिकवलंही नाही. पण माझ्या घशाखाली किती घोट उतरले हे पाहणारं माणूस घरात आहे, हे मला त्या रिक्षात कळलं. नातीचे आभार मानले असते तर ती म्हणाली असती, गुण बाईंनी द्यायचे असतात.

सूज उतरली. आता सकाळी सून चहा-ताकाचं आधी वजा करते आणि उरेल तेवढंच बाटलीत भरते. ऐन दुपारी घशाला कोरड पडते तेव्हा मी दोघींना मनातल्या मनात शिव्या देते. पण संध्याकाळी बाटलीत काही राहिलं तर आता कुणी माझ्या तोंडाशी धरत नाही. सून म्हणते, राहू द्या, आणि ते गच्चीतल्या मोगऱ्याला घालते. मोगऱ्याला कुठपर्यंत, ते अजून कुणी विचारलेलं नाही.