मला जपानी कुणी शिकवलं

मामा भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तोंडाजवळ नेत आणि तिथंच हात थांबवत. कालवणाचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत जाई, तरी हात हलत नसे. "आता म्या काय करतूय?" ते विचारत. कुणी म्हणे, जेवताय की. "जेवतूय कुटं? घास आजून भाईर हाय." मग ते माझ्याकडं बघत, आणि मी जपानीत उत्तर देई, "ताबेयोऽ तो शिते इरु." म्हणजे खाऊ बघताहेत. त्यानंतरच घास आत जाई. मामी म्हणायची, असल्या जेवणानं माणूस उपाशी मरंल.

मामा आईचे चुलतभाऊ. आईचं माहेर आणि सासर एकाच गावात, कोरेगावपासून पायी दोन तासांवर. गावात त्यांना तोंडावर हवालदार म्हणत आणि पाठीमागं जपानी. सिंगापूर पडलं तेव्हा ते पकडले गेले आणि साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत राहिले. तिथून जे इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या दुसऱ्या फौजेत गेले होते त्यांना परत आल्यावर गावोगाव हार पडले. जे नुसते कैदी राहिले त्यांना सरकारनं जवळ केलं. मामांना दोन्ही नाही. पहारेकऱ्यांचे हुकूम ते बाकीच्या कैद्यांना मराठीत सांगत, म्हणून चौकशीत त्यांच्या कागदावर संशयाची तांबडी रेघ आली. "म्या हुकूम सांगत हुतो, देत नव्हतो," एवढंच ते म्हणत. ऐकणारा मान हलवून निघून जाई.

शिक्षण म्हणाल तर मराठी चौथी. पहिल्यांदा ते जपानी आकडे शिकले, कारण सकाळच्या हजेरीत आकडा चुकला की दंडुका बसे. मग सिमेंटच्या पोत्याचा कागद फाडून, दोऱ्यानं शिवून वही केली आणि पेन्सिलीच्या थोटकानं त्या भाषेची घडण मोडी लिपीत उतरवून काढली. मी सांगलीच्या कॉलेजात संस्कृत घेऊन बी. ए. झालो. आमच्या घराण्यात सहीपलीकडं लिहिणारा पहिला मीच, हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. पण व्याकरण म्हणजे काय हे मला प्राध्यापकांनी नाही, त्या पोत्याच्या कागदानं शिकवलं.

मामा सगळं आपल्या बोलीवर घासून बघत. "ताबेते मिरु" म्हणजे खाऊन बघणं. "ह्यात शिकायचं काय रं? खाऊन आणि बघ. आपलंच हाय." पण खाऊन बघणं वेगळं आणि खाऊ बघणं वेगळं, यावर त्यांचा फार कटाक्ष. "जाऊन बघनारा गेला तरी. जाऊ बघनारा दारातच ऱ्हातो. गावात दुसरीच मान्सं जादा." एकदा संध्याकाळी बांधावर बसून त्यांनी सूर्य बुडू बघतोय हे जपानीत म्हणून दाखवलं. मी हटकलं की सूर्य कसला प्रयत्न करतोय, तो आपोआप बुडतो. "व्हय. पन त्येंच्यात धडपडनाऱ्याला आन आता हुनाऱ्याला एकच बोलतात. सूर्याचं काय, त्येला बुडायचंच हाय," असं म्हणून ते बराच वेळ हसले.

लढाई संपल्याच्या पुढच्या साली आपली एक मराठा पलटण जपानात बंदोबस्ताला गेली. भाषा येणारी माणसं हवीत, साताऱ्याला साहेब येऊन पारख करणार, अशी वर्दी आली. मामांचं खाणं-झोपणं सुटलं. आईनं विचारलं, ज्यांचा मार खाऊन आलास त्यांच्याच मुलखात कशाला जातोस? मामा म्हणाले, "आक्का, ती भाषा म्या खाली मान घालून शिकलोय. एकदा ताठ हुबं ऱ्हाऊन बोलायची हाय."

अर्ज मी इंग्रजीत लिहिला. शेवटचं वाक्य मामांनी सांगितलं: अर्जदारानं एक विद्यार्थी तयार केला आहे, तो पुरावा म्हणून सोबत येत आहे. मग म्हणाले, तूबी एक अर्ज टाक, दोघं जाऊ.

साताऱ्यात आधी मला बोलावलं. मामा बाहेर चिंचेखाली, इस्त्रीचा कोट घालून उभे. साहेबानं जपानीत विचारलं ते मी धडाधड सांगितलं. तो खूश झाला. मग त्यानं दुसरा अर्ज पुढं ओढला. अक्षर माझंच होतं आणि त्याला टाचलेल्या कागदावर ती तांबडी रेघ. साहेबानं विचारलं, तो विद्यार्थी तूच का?

मी नाही म्हणालो. म्हणालो, मी पुस्तकातून शिकलो. हे गृहस्थ आमच्या गावचे आहेत, एवढंच.

मामांना आत बोलावलंच नाही. शिपायानं अर्ज परत आणून दिला आणि देता देता आतलं सगळं बोलूनही दाखवलं. मामांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली. वाटेत ते उसाच्या लागणीबद्दल बोलत होते.

महिन्याभरानं मी जपानला निघालो तेव्हा ते कोरेगाव स्टेशनवर आले. माझी ट्रंक त्यांनी स्वतः डब्यात चढवली. गाडी हलताना म्हणाले, "साताऱ्याचं ऱ्हाऊ दे. तितं कुनी इचारलं, तुला कुनी शिकीवलं, तर तितं तरी सांग."

तिथं एकानं विचारलं. बंदरावरच्या गावात एक म्हातारे शाळामास्तर होते. म्हणाले, तुमचं व्याकरण चोख आहे, पण सूर पहारेकऱ्याचा आहे, कुणी शिकवलं? शेजारी आमचे कॅप्टन उभे होते. मी म्हणालो, पुस्तकातून. एकदा सांगितलेलं बदलायचं कसं?

आठ महिन्यांनी परत आलो. मामा पडवीत घोंगड्यावर पडलेले, पाय सुजलेले. बाकी काही न विचारता त्यांनी तेवढंच विचारलं. मी म्हणालो, हो, एका शाळामास्तरनं विचारलं आणि मी तुमचं नाव सांगितलं.

"मग काय म्हनला त्यो?"

याची मी तयारी केली नव्हती. जे सुचलं ते म्हणालो, "म्हणाला, गुरू चांगला मिळाला."

मामा भिंतीला धरून उठून बसले. त्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्याला ते हे सांगू लागले. ज्यांनी त्यांना पाठीमागं जपानी म्हटलं त्यांनाही बोलावून सांगितलं. पावसाळा सरता सरता ते गेले. तोवर गावातली माणसं मला वाटेत गाठून विचारत, हवालदार सांगतात ते खरं का? मी प्रत्येकाला हो म्हणालो. साताऱ्याच्या त्या खोलीत एकदा म्हटलं असतं तर पुरलं असतं.