चर्चने म्हटलं, लग्न झालंच नव्हतं

माझ्या नवऱ्याला माझा पत्ता कळला तो माझ्याच अर्जामुळे.

तेव्हा मी महाडच्या दवाखान्यात नर्स होते. मूळची वसईकडची, कॅथलिक. महाडात आमच्या धर्माचं दुसरं कोणी नव्हतं. मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, रेवदंड्यापर्यंत जावं लागे, त्यामुळे नाताळ आणि ईस्टर एवढेच काय ते जमायचे. नवरा मुंबईत एका कारखान्यात फोरमन होता. त्याच्या घरी मी दीड वर्ष काढलं. त्याने मला काय केलं ते इथे लिहीत नाही. डाव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही, एवढं पुरे. एक मुलगी झाली, ती तीन महिन्यांची होऊन गेली. तिला पुरून आल्यावर आठवड्याच्या आत मी घर सोडलं, सुईणीचं काम शिकले आणि मुद्दाम आडबाजूची नोकरी मागून घेतली. सहा वर्षं त्याला माझा ठावठिकाणा नव्हता.

गावातल्या एका वकिलांच्या सुनेचं बाळंतपण मी केलं होतं. त्या ओळखीवर मी त्यांना घटस्फोटाचं विचारलं. ते म्हणाले, "बाई, ख्रिस्ती लोकांचा कायदा वेगळा आहे. नवऱ्याला बायकोचं पाऊल वाकडं पडलं एवढं दाखवलं की पुरतं. बायकोला मात्र नवऱ्याची दुसरी बाई दाखवावी लागते आणि वर मारहाण किंवा टाकून देणंही सिद्ध करावं लागतं. इतकं करून कोर्टाने सोडवलंच, तरी तुमचं चर्च ते मानेल का?"

मानणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी रेवदंड्याच्या फादरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लग्न मोडायचं आहे असं लिहू नकोस. खरं लग्न आमच्याकडे मोडत नाही. ते मुळात झालंच नव्हतं असं तुझं म्हणणं असेल, तर ते दाखवून दे."

माझं म्हणणं तेच होतं. वडील लवकर गेले, काकांनी वाढवलं. सतराव्या वर्षी त्यांनी हे स्थळ आणलं. मी नको म्हटलं तेव्हा त्यांनी मला चार दिवस कोठीच्या खोलीत कोंडलं आणि शेवटी सांगितलं, रविवारी उभी राहिली नाहीस तर तुझ्या आईलाही रस्त्यावर काढीन. वेदीसमोर 'होय' म्हणाले ती मी, पण तो होकार काकांचा होता.

"मग माझी मुलगी?" मी फादरांना विचारलं. "लग्न नव्हतं, तर ती कोण?"

"ती औरसच. आईबापांपैकी एकाने जरी ते लग्न मनापासून खरं मानलं असेल, तर मुलाला बट्टा लागत नाही."

"एकाने म्हणजे कोणी?"

त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "त्याने."

साक्षीदार हवे होते. आई राहिली नव्हती आणि काका माझ्या बाजूने बोलणार नव्हते. उरली एकच, काकांकडे धुण्याभांड्याला असलेली मावशी. ती आता पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीवर भावाच्या घरी राहत होती. मी तिला भेटायला गेले. ती खळ्यावर वरी झोडत होती. माझं बोलणं ऐकून तिने हातातली काठी खाली ठेवली.

"सांगन की. त्या दाराची कडी मीच लावली व्हती बाय, मालकांच्या सांगन्यानं."

हे मला माहीत नव्हतं.

"तुमच्यात येवढा खटाटोप कशापाय?" ती म्हणाली. "माझा दादला नाय बरा निघाला. पंच बसले, मधी काडी मोडली, झालं. घरी येऊन भाकऱ्या भाजल्या."

अर्ज मुंबईला गेला. चर्चच्या न्यायासनापुढे लग्नाची बाजू राखायला एक वेगळा फादरच नेमलेला असतो, आणि दुसऱ्या पक्षालाही सगळं कळवावं लागतं: अर्ज कोणी केला, ती कुठे राहते, साक्ष कोण देणार. हे मला उशिरा कळलं.

तो महिन्याभरात आला. दवाखान्यासमोर एक चहाचं दुकान होतं, तिथे बाकावर बसून राहायचा. काळा कोट, स्वच्छ दाढी केलेली. कोणाला वाटावं, आजाऱ्याची वाट बघणारा कुणी सभ्य गृहस्थ. तीन दिवस तो काहीच बोलला नाही. चौथ्या दिवशी खिडकीशी आला.

"अर्ज वाचला तुझा. चांगला लिहिलायस." मग हसून म्हणाला, "ती म्हातारी अजून जिवंत आहे हे मला माहीत नव्हतं."

दुसऱ्या सकाळी बाक रिकामा होता. मी रजा टाकली, पोलादपूरची मोटर धरली आणि तिथून वाडीपर्यंत जवळजवळ धावत चढले. तो येऊन गेला होता. ओटीवर बसून त्याने नाचणीची भाकरी खाल्ली होती, गोड बोलला होता. मावशीच्या भावाचा मुलगा मुंबईला ज्या कारखान्यात होता, तिथलाच हा फोरमन, हे भावाला त्याच्याच तोंडून कळलं.

"येवढंच बोलला," भाऊ मला सांगत होता, "का पोर मशीनीवर असतो, त्यानं जपून ऱ्हावं. बाय, तुझ्या पाया पडतो. परत येव नको."

मावशी आत चुलीपाशी होती. ती बाहेर आली नाही.

साक्ष घेण्यासाठी फादर महाडला आले तो दिवस मला चांगला आठवतो. माझ्याच खोलीत टेबल मांडलं होतं. दुपार झाली तशी त्यांनी कागद आवरायला घेतले, आणि मावशी दारात उभी राहिली. मोटरीत कोणी ओळखीचं भेटेल म्हणून ती पहाटेपासून चालत आली होती. पाय धुळीने पांढरे झाले होते.

"माझ्या देवाची शपथ चालंल काय?" तिने विचारलं. फादर चालेल म्हणाले.

तिने सगळं सांगितलं. पहिले दोन दिवस पोर रडत होती, तिसऱ्या रात्री आवाज बंद झाला, तेव्हा ती दाराला कान लावून श्वास ऐकत उभी राहिली होती.

"ती लग्नाला नाही म्हणत होती, हे तू कानांनी ऐकलंस?"

"रोज."

"मग दार का उघडलं नाहीस?"

"मी बी भ्याले व्हते," ती म्हणाली. फादरांनी तेही लिहून घेतलं.

पंधरवड्याने तिच्या भाच्याची दोन बोटं मशीनमध्ये गेली. अपघात होता म्हणाले, असेलही. भावाने मावशीचं गाठोडं अंगणात ठेवलं. ती माझ्याकडे आली ती कायमचीच.

निकालाला तीन वर्षं लागली. पहिल्या न्यायासनाने लग्न झालंच नव्हतं असं ठरवलं, मग नियमाप्रमाणे दुसऱ्याने तेच पुन्हा तपासलं आणि मान्य केलं. कागद लॅटिनमधला. फादरांनी मला त्याचा अर्थ वाचून दाखवला. त्याच महिन्यात जिल्ह्याच्या कोर्टाची नोटीस आली. बायकोने नांदायला यावं म्हणून त्याने फिर्याद केली होती.

मी चर्चचा कागद घेऊन वकिलांकडे गेले. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हा तुमच्या आत्म्यापुरता. सरकारच्या दप्तरी तुम्ही अजून त्याचीच बायको आहात."

घरी आल्यावर मावशीने विचारलं, "परत सांगाया लागंल?"

"लागेल."

"सांगन."

तिने कोर्टात पुन्हा सगळं सांगितलं, मी करंगळी दाखवली, आणि न्यायाधीशांनी क्रूरपणा मान्य करून फिर्याद काढून टाकली. बाहेर आवारात तो माझ्याजवळून गेला. "आज नाही तर पुढे," एवढंच हळू आवाजात म्हणाला. पुढची सहा वर्षं तो कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षाने महाडला यायचा, एक दिवस राहायचा आणि काही न बोलता परत जायचा. मला घटस्फोट मागता आला नाही. दुसरी बाई दाखवायला हवी होती, आणि ती नव्हती. दुसऱ्या कोणाकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही. त्याला मीच हवी होते.

तो वारल्याची तार दवाखान्यात आली, 'पत्नीस' अशी. सरकारच्या हिशेबी मी विधवा झाले, चर्चच्या हिशेबी मी कोणाची कधी बायको नव्हतेच.

"सुतक पाळायचं काय गो?" मावशीने विचारलं.

बिरवाडीत एका बाईला सकाळपासून कळा लागल्या होत्या. मी पिशवी उचलली आणि निघाले.