पंचफुला सुईणीचा उजवा हात

मारेगावकडच्या त्या गावात पंचफुला सुईणीच्या हातात न आलेलं पोर शोधून सापडलं नसतं. एरवी जिची सावली नको, तिचा हात बाळंतपणाला चालायचा. गरज पडली की गाव विटाळ खुंटीला टांगून ठेवतं.

बासष्टच्या उन्हाळ्यात तोच हात दगा देऊ लागला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. एकदा नाळ बांधताना दोरा हातातून निसटला आणि तिला कळलंच नाही. सोबत आलेल्या तिच्या सासूला, वच्छलाबाईला, मात्र ते दिसलं. घरी येताच म्हातारीनं गोधडीची सुई सुनेच्या मधल्या बोटात खुपसली.

"दुखलं काय?"

रक्ताचा थेंब वर आला होता. पंचफुलेला काहीच जाणवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिचा पेला वेगळा झाला. महारोगाचं नाव कुणी घेतलं नाही. घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मग तीही सगळ्यांकडे संशयानं पाहू लागली. हिनं पाय मागे का घेतला, तिनं पोर पदराआड का केलं? लेक कौसल्या पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी आलेली. तिचं पोर आपल्या हातात येऊ देतील की नाही, हेच पंचफुलेला खात होतं.

सासूच्या डोक्यात आणखी एक किडा होता. छप्पन्नला घरानं बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली आणि देव नदीत सोडायचे ठरले. म्हातारी मरीआईचा पितळी मुखवटा लपवून ठेवील, असा पंचफुलेला वहीम होता. म्हणून तिनं आधी कुऱ्हाडीनं त्याचे तुकडे केले आणि मगच सोडले.

"ज्या हातानं आईले तोडलं, तोच गेला," वच्छलाबाई आता पुटपुटे.

"पितळ कोनाचा हात धरत नसते, आत्याबाई," पंचफुला म्हणे. पण आतून ती भ्यायली होती.

शेवटी ती यवतमाळच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरनं अंगावर चट्टे शोधले, कोपरामागची शीर चाचपली, करंगळीला टाचणी लावली. तिनं हात मागे ओढला.

"हा महारोग नाही, बाई. मनगटात शिरेची अरुंद वाट असते, तिथं काहीतरी दाबतंय. कधी काही लागलं होतं का?"

"नाई," ती म्हणाली. इतक्या घाईनं म्हणाली की डॉक्टरलाच संशय आला. त्यानं मनगटाचा फोटो काढायला लावला. फोटोत एक बारीक पांढरी कपची दिसली.

हात बधिर करून त्यानं तळहाताच्या मुळाशी चीर दिली, शिरेवरचा आडवा पट्टा कापून तिला मोकळं केलं आणि आत धरलेल्या गाठीतून तांदळाएवढा पितळेचा तुकडा काढला. तो बाटलीत घालून तिला दिला. कुऱ्हाड मारताना मनगटाला काहीतरी चावलं होतं, तिनं हळद दाबली होती. सहा वर्षं ती ते कुणाला बोलली नव्हती.

परतीच्या मोटारीत बाटली फेकून द्यावी असं तिला दहादा वाटलं. महारोग गेला आणि देवीचा कोप आला, तर आगीतून फुफाट्यात. पण लपवालपवीचा तिला वीट आला होता.

"काय निघालं?" म्हातारीनं दारातच विचारलं.

"तुमच्या मरीआईचा तुकडा. मीच तोडली, मीच घुसवून घेतली. कोप असता तं करंगळी काहून सोडली तिनं?"

म्हातारी बाटलीकडे बघत राहिली. पेला मात्र वेगळाच राहिला.

दोन महिन्यांनी कौसल्येला कळा सुरू झाल्या. पंचफुला हात धुऊन आली, तर खोलीच्या दारात वच्छलाबाई उभी, हातात तीच सुई.

"हात दे इकडं."

सुई मधल्या बोटात गेली. पंचफुलेचे डोळे भरून आले.

"दुखलं, आत्याबाई," ती म्हणाली. "लय दुखलं."

म्हातारीनं सुई लुगड्याला पुसली आणि दारातून बाजूला झाली.