सांडाचा स्टिरिओ

त्याला बंदरातला सगळा धक्का सांड म्हणायचा, आणि ते त्याला आवडायचं. मासेमारीची स्वतःची बोट होती, मान रुंद होती आणि हात जिभेआधी चालायचा. जाळं फाटलं, ठेव थोबाडीत. इंजिन बंद पडलं, घाल लाथ. शेवटी बोटीवरच्या स्वयंपाक्याचा जबडा त्याने झाऱ्याने मोडला, तेव्हा सगळे खलाशी एकदम काम सोडून गेले. राहिला फक्त त्याचा मेहुणा. बहीण दिलेली, जातो कुठे!

हंगाम तोंडावर आला होता. मेहुण्याने कसेबसे नवे खलाशी जमवले. त्यांची एक अट होती: बोटीवर गाणी हवीत. दुसऱ्या सगळ्या बोटींवर स्टिरिओ होते. याने मात्र इतक्या वर्षांत साधा रेडिओही ठेवू दिला नव्हता.

"दाजी, एवढं ऐकाच," मेहुणा म्हणाला. "नाहीतर बोट किनाऱ्यावरच सडेल."

दोघे बाजारातल्या दुकानात गेले. विक्रेता तरुण होता, बोलका होता. सांडाने एकेक स्टिरिओ उचलून पाहिला. ओल्या बोटांनी बटण दाबता येईल का? खारं पाणी उडालं तर? लाटेने आदळला तर? तिसरा प्रश्न विचारता विचारता त्याने एक स्टिरिओ काउंटरवर आपटूनही पाहिला.

"अहो, विकत तरी घ्या आधी!" विक्रेता ओरडला.

मेहुणा हसला. मग विक्रेत्याने सर्वांत मोठा स्टिरिओ पुढे ओढला. "हा घ्या. इंजिनाच्या आवाजातही ऐकू येईल. थांबा, खरा आवाज दाखवतो." आणि त्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं.

काचा थरथरल्या. पुढच्याच क्षणी सांडाची मूठ विक्रेत्याच्या तोंडावर बसली. तो मागच्या काचेच्या कपाटावर कोसळला. सांड काउंटरवरून पलीकडे गेला आणि त्याला बुकलत सुटला. विक्रेत्याचा ओठ फाटला, शर्ट रक्ताने भरला. दुकानातले दोघे नोकर धावले. एकाने सांडाच्या डोक्यात लाकडी स्टूल घातलं. कानामागून रक्ताची धार लागली, तरी तो थांबेना. एवढ्या गदारोळात गाणं आपलं चालूच होतं. मेहुण्याने शेवटी भिंतीतली वायर उपटली.

गाणं थांबलं आणि सांडही थांबला. फुटलेल्या काचांतच तो मटकन खाली बसला.

"काय झालं काय तुम्हाला?" मेहुणा ओरडला.

"बाप मारायला लागला की आधी रेडिओ मोठा करायचा," सांड जमिनीकडे बघत म्हणाला. "शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मग पट्टा काढायचा."

मेहुण्याने हातातली वायर खाली टाकली. "ताईला माहीत आहे?"

"नाही."

विक्रेता रुमालाने ओठ दाबून उठला. "मग साहेब, आधी सांगायचं ना," तो रुमालाआडून बोलला.

दुकानाचा मालक पोलिसांना बोलवायला निघाला होता. मेहुण्याने हातापाया पडून, नुकसान भरून त्याला थांबवलं. निघताना सांडाने एक बुटका, रबरी कवचाचा स्टिरिओ उचलला. त्याचा मोठ्यात मोठा आवाज केबिनच्या बाहेर जाणार नव्हता.

"इंजिन सुरू झालं की हा ऐकूच येणार नाही," मेहुणा म्हणाला.

"मग इंजिन बंद असताना ऐकतील."

खलाशांनी त्याची टर उडवली, पण ते बोटीवर चढले. सांडाने स्वतःला बरेच दिवस आवरलं. मग एकदा जाळं बोटीखालच्या पंख्यात अडकलं आणि त्याने जवळच्या खलाशाच्या कानफटात मारली. तो खलाशी काही मेहुणा नव्हता. त्याने वल्हं उचललं आणि सांडाच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सांड डेकवर पडला. आता सांड त्या खलाशाला समुद्रात फेकणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण तो दात आवळून एवढंच म्हणाला, "बोट वळव." त्याच खलाशाने बोट किनाऱ्याला आणली.

घरी बायकोने हात झोळीत बांधून दिला. ती घास भरवत असताना त्याने तिला बापाचं, रेडिओचं, पट्ट्याचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग ताट खाली ठेवून तिने विचारलं, "मग पोरांना मारताना तुम्ही दार का लावून घेता?"

त्याने आतल्या खोलीच्या दाराच्या कडीकडे पाहिलं.

सकाळी तिने भावाला बोलावून आतल्या खोलीची कडी काढून टाकली. सांड झोळीतला हात धरून बघत उभा राहिला, पण त्याने अडवलं नाही. पोरं आत आली, त्यांनी दाराकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि अंगणात पळाली.