स्प्रिंगसमोर उभं राहू नका

शटर दुरुस्तीला निघताना पिशवीत पाने, ग्रीसचा डबा आणि कटर असतो. येताना पिशवी तीच, पण सांगायला एक गोष्ट जास्त असते. आम्ही कुणाच्या घरात शिरत नाही, गाडीच्या खोलीच्या शटरपाशीच असतो. तरी घर कळतंच. कसं कळतं, याचं मला अजून कोडं आहे!

मी दत्ता. नववीत शाळा सोडली. सात वर्षं झाली, बसवकल्याणात रसूलमामांच्या शटरच्या दुकानात आहे. आता आमच्याकडं नवं घर म्हटलं की गाडीची खोली आली आणि खोलीला लोखंडी शटर आलं. वर गुंडाळीच्या आत पाइपवर पोलादी स्प्रिंगा असतात. शटरचं वजन त्याच पेलतात. त्या तुटल्या की तेच शटर उचलायला चार माणसं लागतात.

नवी स्प्रिंग बसवली की तिला पीळ भरायचा. शिडीवर चढायचं, पाइपला मोठा पाना लावायचा आणि एकेक आटा फिरवायचा. हे सगळ्यात जोखमीचं काम. पाना निसटला तर कुठं जाईल सांगता येत नाही. म्हणून मामांचा नियम आहे, पीळ भरणाऱ्यानं आधी समोरची माणसं हटवायची.

मला वेल्डिंग येतं. पट्ट्या बदलता येतात. कुठल्या शटरला किती आटे द्यायचे तेही कळतं. फक्त अनोळखी माणसासमोर आवाज निघत नाही. मामा म्हणतात, "दत्ता, तू बोल्या तो तेरे शर्ट के बटनकूच सुनाई देता! आधी माणसं हटवाय शिक, मग पाना घे."

सात वर्षं पाना मामांच्याच हातात आहे.

*

स्प्रिंग तुटताना फार मोठा आवाज होतो. बसस्टँडामागच्या एका घरात दुपारी ती तुटली. घरच्यांना वाटलं, सिलिंडर फुटला! सगळे जीव घेऊन रस्त्यावर.

आम्ही पोचलो तेव्हाही ते बाहेरच उभे होते. मामांनी विचारलं, "पळताना काय काय आणलाव?" खरंच ज्याच्या त्याच्या हातात काहीतरी होतं. सासूबाईंच्या हातात लोणच्याची बरणी. मुलाच्या हातात चार्जर, मोबाइल आतच! सूनबाईंच्या हातात टीव्हीचा रिमोट.

तेवढ्यात सूनबाई ओरडल्या, "अगं बाई, मामंजी आतच राहिले!"

आत बघितलं तर म्हातारबाबा ताटावर शांत बसलेले. भाकरी चालू. मुलगा म्हणाला, "अप्पा, कामून बाहेर आला न्हाईत? एवढा मोठा आवाज झाला!"

अप्पांनी घास गिळला. म्हणाले, "सिलिंडर सकाळीच संपलाय. मीच तर सांगायलोय कवाचं. ऐकतंय कोण?"

*

भालकीला एक गुरुजी आहेत. रिटायर झाल्यावर त्यांनी गाडी घेतली आणि गाडीसाठी खोली बांधली. शटरच्या पट्ट्या बाहेर फुगल्या आणि स्प्रिंग गेली म्हणून त्यांचा फोन आला.

जाऊन बघतो तर गाडी उन्हात, अंगावर बायकोच्या तीन जुन्या साड्या. शटर चौघांनी वर सरकवलं. आत छतापर्यंत तुरीची पोती! पोत्यांच्या रेट्यानंच पट्ट्या फुगल्या होत्या.

मामा म्हणाले, "गुरुजी, गाडी बाहेर आणि तूर आत? मग एवढा खर्च गाडीसाठी केलाव म्हणता ते काय?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. आम्ही दोघं पहिल्या बाकावर बसलोय असंच ते बोलले. "गाडीला कुलूप हाय का?"

"हाय की."

"तुरीला हाय का?"

मामांनी ग्रीसचा डबा उघडला.

*

आमच्या शेजारच्या गल्लीतल्या अक्कांचं शटर दरवर्षी जाम व्हायचं. चॅनलमध्ये म्हणजे शटर जिथून सरकतं त्या पन्हळीत काहीतरी पिवळं, चिकट साचलेलं असायचं. खरवडलं तर काचेसारखे पापुद्रे निघायचे. मला भलतं कुतूहल. हे लोखंडातून येतं तरी कुठनं?

एका वर्षी मामांनीच विचारलं, "अक्का, इथं काय घालताव?"

"करडीचं तेल!" अक्का अभिमानानं म्हणाल्या. "खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा करतो आम्ही. तवा शटरला बी वाटीभर सोडते. घाण्याचं हाय, भेसळ न्हाई!"

करडीचं तेल वाऱ्यावर राहिलं की सुकून वार्निशसारखं होतं. वर धूळ बसली की झालंच. मामांनी समजावलं, "अक्का, तेल भाजीत घाला. इथं ग्रीस."

अक्कांनी डब्यात डोकावून नाक मुरडलं. "हे काळं? सणाच्या दिवशी? दारात?"

पुढच्या दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला. शटर लोण्यासारखं चाललंय म्हणाल्या. आम्ही मुद्दाम बघायला गेलो. चॅनलभर ग्रीस लावलेलं आणि त्याच्यावर खालपासून वरपर्यंत हळद-कुंकू!

"आता कुठं काळं दिसायलंय?" अक्का म्हणाल्या.

*

खजुरीला एका शेतकऱ्याच्या घरी स्प्रिंग तुटून शटर अर्ध्यावर अडकलं होतं. वर उचलायला आम्ही दोघं आणि गावातले तिघं लागलो. मामा म्हणाले, "एक, दोन, तीनला उचला."

मोजलं. दोघांनी तीनवर उचललं, तिघांनी तीननंतर. शटर तिरकं झालं. मग एका अण्णांनी कानडीत मोजलं, "ओंदु, एरडु, मूरु!" पुन्हा तेच. मग भांडण सुरू झालं.

"तीन म्हणल्याबरोबर उचलायचं असतंय!"

"कामून? तीन पुरं म्हणू तर द्या!"

घरच्या काकू जोंधळे निवडत बसल्या होत्या. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. "बैलाला काय मोजून सांगताव का?" असं म्हणून त्यांनी बैलगाडी चिखलातून काढताना देतात तशी हाळी दिली, "ह्येऽऽऽ हय्!"

पाचीजणांनी एकदम उचललं! शटर थेट वर.

मामा कपाळ पुसून काकूंकडं बघत राहिले. मी मात्र जाताना धीर करून काकूंना विचारलं, "एवढा आवाज कसा काढताव?"

काकू म्हणाल्या, "समोर कोण हाय ते बघायचंच न्हाई, लेकरा."

*

हे मला पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात एकटाच होतो. शटर आतून खाली ओढून घेतलं. समोर कोणी नाही. छाती भरून ओरडलो, "बाजूला व्हाऽऽ! स्प्रिंग भरायलोय!"

आवाज निघाला! माझाच विश्वास बसेना. आणखी दोनदा ओरडलो.

शटर वर केलं तर सगळा रस्ता रिकामा. चहावाल्यानं गाडा पलीकडं नेलेला. एक जण स्कूटर ढकलत चालला होता. भाजीवाली मावशी टोपली घेऊन नाल्याच्या पलीकडं उभी. म्हणाली, "काय पडायलंय रं आत?"

मी शटर पुन्हा खाली ओढलं.

मामा आले, त्यांना चहावाल्यानं सगळं सांगितलं. मामा हसले नाहीत. म्हणाले, "बंद शटरमागं सगळेच शूर असतेत, मियाँ. शटर उघडून वरड."

पाना त्यांनी स्वतःच्याच पिशवीत ठेवला.

*

मागच्या महिन्यात एका इंजिनियर साहेबांकडं गेलो. नवं घर, रुंद शटर, दोन स्प्रिंगा. साहेब पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, फार सभ्य. आम्हाला "या, बसा" म्हणाले. त्यांना सगळ्याचं कुतूहल! पोलाद कुठलं? आटे किती? का? मला असे लोक आवडतात. माझ्याही डोक्यात असेच प्रश्न असतात, फक्त मी विचारत नाही.

मामा शिडीवर चढून पीळ भरायला लागले. साहेबांनी मोबाइल काढला. "व्हिडिओ घेतो. मुलगी पुण्यात शिकते, तिला पाठवायचाय."

मामा वरून म्हणाले, "साहेब, थोडं लांब."

"हो हो," म्हणून साहेब दोन पावलं मागं गेले. मामांनी पाइपकडं तोंड केलं, आणि साहेब तीन पावलं पुढं आले. नंतर तर वाकून बरोबर पान्याखालीच उभे राहिले.

सहा आटे झाले. सातव्याला पाना थोडा कुरकुरला. त्या आवाजाचा अर्थ मला माहीत होता. मामांचे दोन्ही हात गुंतलेले, त्यांना खालचं दिसत नव्हतं. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं. "सा..." एवढंच झालं. साहेब मोबाइलमध्ये बघत म्हणाले, "छान येतंय!"

मग मी काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. मी साहेबांना कमरेला धरून उचललं. तुरीच्या पोत्याएवढंच ओझं असेल! उचलून चालत नेलं आणि अंगणातल्या जाईच्या वेलापाशी ठेवलं. सरळ उभं.

मागं खणकन आवाज झाला. पाना सुटून साहेब उभे होते तिथल्या फरशीवर आपटला. फरशीचा टवका उडाला.

साहेबांच्या हातातला व्हिडिओ चालूच होता. मामा शिडीवरून हळूहळू उतरले. फरशीकडं बघितलं, मग जाईकडं, मग माझ्याकडं. वाकून पाना उचलला, पँटला पुसला आणि माझ्या हातात दिला.

मी शिडी चढलो. पाना पाइपवर बसवला आणि पहिला आटा द्यायच्या आधी खाली बघितलं. साहेब मी ठेवलं होतं तिथंच उभे होते, इंचभरही हलले नव्हते.

आतून बाईंचा आवाज आला, "अहो, चहा झालाय. तुमचा कुठं आणू?"

साहेबांनी वर माझ्याकडं बघितलं. "थांब जरा," ते बाईंना म्हणाले, "हे मला कुठं ठेवतात ते आधी बघू!"