लावून उरलेले कांदे

आक्काला लोक तोंडावर आक्का म्हणत आणि पाठीमागे नाकवाली. वृद्धाश्रमाच्या परसबागेत ती नवऱ्याच्या हयातीपासून राबत होती. तिच्या नाकाची ख्याती अशी, की बंद गोणीजवळून नुसती गेली तरी आतला बटाटा सडायला लागलाय हे सांगायची. डब्यांवर चिठ्ठ्या लावा, वाफ्यांत पाट्या रोवा, असं व्यवस्थापकबाई दर वर्षी सांगत. आक्का दर वर्षी हो म्हणायची आणि एकही पाटी रोवायची नाही. आपलं पेरलेलं ज्याला ओळखता येत नाही त्यानं दुसरं काम बघावं, असं तिचं म्हणणं. असली वाक्यं माणसानं जपून बोलावीत. ती फिरून आपल्याच गळ्यात पडतात.

त्या उन्हाळ्यात तिला ताप आला. ताप गेला, तो जाताना नाकातला वास घेऊन गेला. चुलीवर दूध करपून काळं झालं तरी ती शेजारीच बसून शेंगा सोलत होती. पलीकडच्या खाटेवरून सासू ओरडली तेव्हा कुठे तिला कळलं. लक्ष नव्हतं, असं तिनं सांगितलं. मग गुपचूप लसूण ठेचून पाहिला, रॉकेलच्या बाटलीला नाक लावून पाहिलं. काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं.

हे ती कुणाला बोलली नाही. बागेमागची खोली कामाबरोबर मिळालेली. काम गेलं की खोली गेली. आणि खोलीत सासू होती, दात गेलेले, पाय थकलेले, जीभ मात्र ठणठणीत. सासूला घेऊन जायचं कुठे? धाकटी जाऊ आश्रमाच्याच स्वयंपाकघरात कामाला होती, पण तिच्या घरात एक खाट टाकायची सोय नव्हती. व्यवस्थापकबाई तर आडून आडून म्हणायलाही लागल्या होत्या की आक्का, आता तुमचं वय झालं. तेव्हा आक्कानं तोंड शिवून घेतलं.

पाऊस सरला, ऊन मऊ झालं. इथला हिवाळा नावापुरता. जिथे जमीन गोठते तिथले माळी या दिवसांत अवजारं पुसून ठेवतात. आक्काची खरी धांदल आत्ता सुरू व्हायची. पालक आणि मुळा पेरायचा, वाटाण्याला काठ्या रोवायच्या, लसणाच्या पाकळ्या टोक वर करून दाबायच्या. आणि शेवटी कंद. शेडमधल्या फळीवर दोन टोपल्या असत. एकीत लावणीसाठी राखलेले बारके कांदे, दुसरीत फुलांच्या ताटव्यातून काढून सुकवलेले नर्गिसचे कंद. साल दोघांची सारखीच, तपकिरी, कागदासारखी. शेजारी ठेवले तर सख्खी भावंडं वाटावीत. पण एक पोट भरतो आणि दुसरा आतडी पिळून काढतो. धडधाकट माणूस ओकून ओकून आडवा होतो, म्हाताऱ्यांचं तर बोलायलाच नको.

फळीचा खिळा निसटला आणि दोन्ही टोपल्या खाली आल्या. कंद शेडभर घरंगळले, एकमेकांत मिसळले. एरवी हे काम तिला हसण्यावारी नेण्यासारखं. नखानं साल खरवडायची, नाकाशी न्यायचं, बाजूला टाकायचं. या वेळीही तिनं पहिला कंद खरवडून सवयीनं नाकाशी नेला आणि तसाच धरून बसली. कुणाला तरी बोलवावं असं मनात आलं. कोण नाही म्हणालं असतं? पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. इतकी वर्षं काय झक मारली, डोळे आहेत ना, असं स्वतःला बजावत तिनं नजरेनं आणि हातानं निवड केली, कांद्यांचे वाफे लावले आणि हात धुतले.

लावून उरलेलं चुलीला, हा तिथला जुना रिवाज. उरलेल्या कांद्यांची टोपली जावेनं स्वयंपाकघरातल्या आकड्याला टांगली. बाजारातले संपले की काढायची.

त्यानंतर आक्काचं अन्नावरचं मन उडालं. सकाळी वाफ्याकडे जाताना तिचे पाय जड व्हायचे. माती अजून काळी, सपाट आहे एवढं दिसलं की तो दिवस निभला असं वाटायचं. माती मात्र कुणाची मिंधी नसते. एका सकाळी कोंब वर आले. कांद्याची पात गोल, आतून पोकळ. आणि मध्ये मध्ये, जागोजागी, चपटी, जाड, निळसर हिरवी पानं.

तिनं आधी कुठे पाहिलं? व्यवस्थापकबाईंच्या ऑफिसच्या खिडकीकडे. पडदा ओढलेला होता. मग ती गुडघे टेकून ती चपटी पानं मुळासकट उपटायला लागली. ओटीत घ्यायची, ताटव्यात नेऊन लावायची, पाणी घालायचं, वाफ्यातली माती हातानं सारखी करायची. बाकावर बसलेल्या, आश्रमातल्याच एका म्हाताऱ्या निवृत्त पोस्टमननं विचारलं, काय उपटताय. दाट झालंय, विरळ करते, म्हणाली. संकटात माणसाला आधी झाकायचंच सुचतं, हे मला ठाऊक आहे. तरी त्या सकाळचा मला राग येतो तो येतोच. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती झाकतच राहिली.

शेवटचा कोंब लावून ती उठत होती, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून जावेनं हाक मारून आनंदानं सांगितलं की बाजारातले कांदे संपले, आज तुमचेच काढलेत, सूप होत आलंय.

आक्का धावली. त्या वयात धावू नये तशी धावली. मोठं पातेलं रटरटत होतं आणि जाऊ कांद्यानं झोंबलेले डोळे पदरानं पुसत होती. आक्कानं गॅस बंद केला.

"यात विषारी कंद गेलेत," ती म्हणाली. "मला वास येत नाही."

जावेला पटकन अर्थ लागेना. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

 जावेनं पातेल्याला फडकी लावली, दोघींनी ते उचललं आणि मोरीत उपडं केलं. जेवणघरात अजून ताटंसुद्धा मांडली नव्हती. आक्का तिथेच फरशीवर बसली. काम जाणार, खोली जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी कितीतरी दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

जाऊ मात्र रिकाम्या पातेल्याशी तशीच उभी होती. 

"आक्का," ती म्हणाली, "आईंना भूक लागली होती. मघाशी मी त्यांना वाटी देऊन आले."

खोलीचं दार उघडंच होतं. सासू खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर वाटी. बोट फिरवून चाटूनपुसून साफ केलेली. कपाळावर बारीक घाम होता. सुनेला पाहून ती बोळक्या तोंडानं हसली.

"आज जरा कडवट होतं गं," ती म्हणाली. "पण तुझ्या हातचे कांदे, म्हणून सगळं संपवलं."